फेऱ्यांचा हिशेब

श्रोतेहो, या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. ज्याने तीस वर्षे कामगार संघटनेत काढली तो मनुष्य संपाविषयी बोलणार, कायद्याविषयी बोलणार, फार तर मालकवर्गाला चार शब्द सुनावणार. आम्ही एका जुन्या विलायती मोटारीतील बिघडलेल्या काट्याविषयी बोलणार असे कळवले, तेव्हा चिटणीस थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मोठ्या सभ्यपणाने विचारले, "त्यात इतिहास आहे ना?" आहे. आणि तो आमच्या चळवळीच्या इतिहासापासून आम्हांला फारसा वेगळा काढता आलेला नाही.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. आम्ही इंजिनियर नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात वडिलांची गिरणी कायमची सुटली आणि तिच्या पाठोपाठ पुढे आमची शाळाही सुटली. जे काही शिकलो ते नगरवाचनालयात, पॉवर प्रेसच्या शेजारी आणि एका माणसाच्या पायाशी बसून. या माणसाला कारखान्यात सगळे 'मिस्त्री' म्हणत. येथेही आपण त्यांना मिस्त्रीच म्हणू. नाव छापलेले त्यांना आवडणार नाही. कारखान्यातील घड्याळे, दाबमापक, काटे, तबकड्या हे त्यांचे खाते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली, पण हात अजून स्थिर आहे.

गोष्ट अशी की, गावातील एका डॉक्टरसाहेबांनी १९६६ सालची एम. जी. बी. मोटार विकत घेतली. दोन माणसांची, उघडी, बसकी गाडी. रस्त्याने गेली की पोरे मागे धावतात. डॉक्टरांनी इंजिन दुरुस्त करून घेतले, रंग दिला, कातडी बैठका नव्या केल्या. पण एक काटा काही केल्या ठिकाणावर येईना. आपल्यापैकी पुष्कळांना मोटारीचा वेगाचा काटा ठाऊक असतो. कुर्ल्यात तयार झालेली ती काळी-पिवळी टॅक्सी, जिची मुंबईतील शेवटची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तिच्यातही तो होता. पण दुसरा एक काटा असतो, तो गाडी किती धावते हे सांगत नाही; इंजिन मिनिटाला किती फेरे घेते हे सांगतो. वर्कशॉपात त्याला आरपीएम मीटर म्हणतात, इंग्रज 'रेव्ह काउंटर' म्हणतो. आमच्या टॅक्सीत तो नव्हता, कारण टॅक्सीवाल्याला कानाने भागते. शर्यतीच्या जातीच्या गाडीत मात्र तो वेगाच्या काट्याच्या बरोबरीने मान घेऊन बसलेला असतो.

डॉक्टरांचा हा काटा जादा दाखवीत होता. त्यांना हे कळले कसे ते ऐकण्यासारखे आहे, कारण त्यासाठी कोणतेही उपकरण लागले नाही. महामार्गावर किलोमीटरचे दगड आहेत. वरच्या गिअरमध्ये वेग स्थिर ठेवून एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ४५ सेकंद लागले, म्हणजे ताशी ८० किलोमीटर, अर्थात जवळजवळ ५० मैल. या गाडीचे इंजिन हजार फेरे घेते तेव्हा वरच्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे १८ मैल जाते. तेव्हा ५० मैलांस फेरे झाले पावणेतीन हजारांच्या आसपास. काटा सांगत होता ३,४००. रुपयाचे सव्वा रुपये सांगणारा हा कारकून. डॉक्टर मिस्त्रींकडे आले आणि मिस्त्रींनी आम्हांला निरोप धाडला, "या, एक जुने भांडण पुन्हा पाहायला मिळेल." या निरोपाचा अर्थ पुढे येईल.

फिरत्या वस्तूचे फेरे मोजण्याची गरज मनुष्याला केव्हा पडली? रहाट, चरखा, तेलाचा घाणा, कुंभाराचे चाक यांचे फेरे कोणी मोजले नाहीत. ज्याच्या हातात चाक त्याच्या अंगालाच ते कळत असे. फेरे मोजण्याची निकड उत्पन्न झाली ती चाक एकाचे आणि हात दुसऱ्याचा अशी वाटणी झाली तेव्हा. जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनावर दोन लोंबते गोळे बसवले. इंजिन जोरात फिरू लागले की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप थोडी मिटत असे. ही युक्तीही त्याच्या आधी पवनचक्कीवाल्यांना ठाऊक होती. वॉटने ती उचलून इंजिनावर बसवली. पण गोळे वेगाला वेसण घालीत, आकडा सांगत नसत.

आकडा सांगणारे यंत्र ब्रायन डॉंकिन या इंग्रज यंत्रकाराने केले आणि १८१० साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याबद्दल त्याला सुवर्णपदक दिले. हा तोच डॉंकिन, ज्याने कागद सलग काढणारे यंत्र प्रत्यक्ष चालते केले आणि डब्यात अन्न भरून टिकवण्याचा कारखाना काढला. त्याचे वेगमापक इतके साधे आहे की आपल्या घरातील कोणत्याही बाईला ते एका वाक्यात समजेल. डेऱ्यात ताक घुसळताना मधोमध खळगा पडतो आणि ताक कडेने वर चढते. रवी जितकी जोरात तितका खळगा खोल. डॉंकिनने ताकाच्या जागी पारा घेतला. पाऱ्याची वाटी यंत्राबरोबर फिरे, मध्ये खळगा पडे, आणि त्या पाऱ्यात खालचे टोक बुडवलेल्या काचेच्या नळीतील रंगीत द्रव तितका खाली उतरे. नळीशेजारी रेघा. कारखान्यात शिरणाऱ्याने नळीकडे पाहावे आणि यंत्र हळू चालले आहे की वेगात ते ओळखावे.

त्याच सुमारास, म्हणजे १८१० च्या आसपास, इंग्लंडातील मॅकल्सफील्ड गावच्या पार्क ग्रीन या रेशमाच्या गिरणीत एक उभे घड्याळ होते. ते पुढे तेथील संग्रहालयात जपून ठेवण्यात आले. या घड्याळाला तबकड्या दोन. एक नेहमीच्या घड्याळाची, सूर्याला धरून चालणारी. दुसरी गिरणीच्या पाणचक्कीला जोडलेली. ओढ्याला पाणी भरपूर असले की दोन्ही काटे बरोबर चालत. पाणी कमी झाले की चक्की रेंगाळे आणि तिच्याबरोबर दुसरी तबकडीही रेंगाळे. मग कामगारांनी घरी जायचे कोणत्या तबकडीवर? दुसऱ्या. बुडालेला वेळ भरून दिल्यावाचून सुटका नाही. ओढा आटला तो पावसामुळे, आणि त्याची भरपाई करायची सूत कांतणाऱ्या मुलींनी!

हे वर्णन आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. कारण हे घड्याळ आम्ही पाहिले होते. इंग्लंडात नव्हे, येथे, आमच्या औद्योगिक वसाहतीत, आणि दीडशेवर वर्षांनंतर.

सन १९९५ चा उन्हाळा. आम्ही पंचविशीत होतो आणि कारखान्यातील संघटनेचे नुकतेच चिटणीस झालो होतो. कारखान्याचे नाव येथे नको. पत्र्याचे छोटे भाग कापणारे स्वयंचलित प्रेस होते. पट्टी आपोआप पुढे सरके, मिनिटाला ६० ठोके पडत, आणि प्रत्येक ठोका एक छोटा काउंटर मोजी. पाळीला जेवणाची सुटी व साफसफाई वजा जाता सात तास चालू यंत्र धरलेले. २४,८०० ठोक्यांच्या वर गेले की प्रोत्साहन भत्ता. पहिली पाळी रोज २५,००० च्या वर जाई. दुसरी पाळी, दुपारी ३ ते रात्री ११ ची, २४,७०० वर अडके. यंत्रे तीच, पट्टी तीच, डाय तेच. व्यवस्थापनाने निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. दुसऱ्या पाळीतील पोरे यंत्र मध्येच बंद करून विड्या ओढतात. अकरा जणांवर मंदगतीने काम केल्याचे आरोपपत्र निघाले. ज्यांना कारखान्याचे स्थायी आदेश ठाऊक आहेत त्यांना या शब्दाचे वजन सांगावयास नको. नोकरी जाण्यापर्यंत ही वाट जाते.

आणि आता जे सांगतो ते सांगताना अजून जीभ जड होते. आम्हीही त्या अकरा जणांना दटावले. संघटनेच्या खोलीत बोलावून, दार लावून विचारले, "खरे सांगा, कोठे वेळ घालवता?" त्यांनी शपथा घेतल्या. एकाने आईची घेतली. आमचा विश्वास बसला नाही, कारण काउंटरमध्ये खोट नव्हती हे आम्हांला माहीत होते. आम्हीच तो तपासून घेतला होता. पहिल्या पाळीशी तुलना समोर होती. आकडा मनुष्यापेक्षा खरा, अशी त्या वयात आमची पक्की श्रद्धा होती.

मिस्त्रींनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "दिवेलागणीला घरचा पंखा कसा फिरतो?" आम्हांला प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पेटीतून दोन वस्तू आणल्या. एक फेरे मोजणारा हातातला काउंटर, टोकाला रबराची टोपी. दुसरे, एक स्टॉपवॉच. ती टोपी प्रेसच्या मोटरच्या शाफ्टच्या मध्यावर टेकवायची आणि नेमके एक मिनिट मोजायचे. मोटरवर पितळी पट्टी होती, तिच्यावर आकडा १४४०. सकाळी ११ वाजता मोजले: १४३० च्या आसपास. संध्याकाळी साडेसातला मोजले: १३९५ ते १४०० च्या दरम्यान. आठवडाभर रोज मोजले आणि आम्ही वहीत टिपले. सहाच्या सुमारास फेरे उतरू लागत, दहानंतर पुन्हा चढत.

ही मोटर वीजप्रवाहाच्या लाटांवर चालते. आपल्याकडे सेकंदाला ५० लाटा असावयास हव्यात. त्याला वारंवारता म्हणतात. वीज निर्माण करणारी सगळी चाके आणि वीज खाणारे सगळे गाव यांची ती सामाईक नाडी होय. मागणी उत्पन्नाहून अधिक झाली की ती मंदावते. त्या वर्षांत संध्याकाळी सगळ्या पश्चिम भारतात दिवे, पंखे, पंप एकदम चालू होत आणि वारंवारता ४८.५ पर्यंत, कधी त्याहूनही खाली येई. शेकडा तीन उतरली की मोटर शेकडा तीन हळू फिरणार. ६० ठोक्यांचे ५८ होणार. चार तासांत सव्वातीनशेच्या वर ठोके कमी, आणि त्यांना तेवढेच कमी पडत होते. कोणी विडी ओढली नव्हती. मॅकल्सफील्डचा ओढा आटला होता, एवढेच.

चौकशीत मिस्त्री आमच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. ते आमचे सभासद असले तरी देखभाल खात्यातले होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते, आणि न येण्याला त्यांच्याकडे पुष्कळ कारणे होती. त्यांनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवले, वही ठेवली आणि चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, संध्याकाळी सातला माझ्याबरोबर खाली चला. मी बोलत नाही, तुम्ही मोजा." अधिकारी आले, हे त्यांच्या नावावर मांडले पाहिजे. त्यांनी स्वतः मोजले. आरोपपत्रे मागे घेतली गेली, आणि पुढील करारात ठोक्यांचे प्रमाण मोजलेल्या फेऱ्यांवर ठरले. तथापि अकरांपैकी दोघे तोपर्यंत राजीनामा देऊन गावी निघून गेले होते. त्यांतील एक तो आईची शपथ घेणारा. त्याला आम्ही पत्र घातले, उत्तर आले नाही. मिस्त्रींची त्याच वर्षी दुसऱ्या शाखेत बदली झाली. बदलीच्या कागदावर कारण लिहिलेले नसते.

आता मोटारीकडे वळू. मध्यंतरीची शंभर वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. डॉंकिनचा पारा हलत्या गाडीत चालणारा नव्हता. १८२४ साली आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले की तांब्याची चकती फिरवली तर वर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागून ओढली जाते, मध्ये कसलाही सांधा नसताना. फॅरडेने पुढे त्याचे कारण सांगितले. या ओढीचा उपयोग करून १९०२ साली ओटो शुल्झे या जर्मनाने वेगाच्या काट्याचे पेटंट घेतले. केबलने चुंबक फिरतो, त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे जाऊ पाहते, केसासारखी कमान तिला मागे धरते. दोघींच्या ओढाताणीत काटा जेथे थांबेल तो वेग. जगातील बहुतेक मोटारी, आमच्या टॅक्सीसह, पुढे याच वाटीवर चालल्या.

याशिवाय एक कुळी होती, तिचे आम्हांला फार कौतुक वाटते. तिला क्रोनोमेट्रिक म्हणत. लंडनच्या स्मिथ या घड्याळजी कंपनीने ती विलायतेत प्रसिद्ध केली. आत खरोखर घड्याळाचे यंत्र असे. ते ठरावीक क्षणभर फेरे मोजी, तेवढ्याला काटा नेऊन उभा करी, मग पुन्हा मोजी. त्यामुळे काटा सरकत नसे, टप्प्याटप्प्याने उडी मारी. जुन्या ब्रिटिश मोटारसायकली ज्यांनी पाहिल्या त्यांना ही उडी आठवत असेल. रेव्ह काउंटर हे नाव खऱ्या अर्थाने याच एका जातीला शोभते, कारण बाकीचे मोजत नाहीत. ते अंदाज बांधतात आणि तो आकड्यात सांगतात. पण घड्याळ घालायचे म्हणजे बारीक काम आले, मजुरी आली. स्वस्त वाटीने आणि पुढे विजेने त्याला घालवले. यंत्रांच्या जगात हे नेहमी चालते, आणि त्यात वाईटच झाले असे म्हणण्याची आमची तयारी नाही. ती स्वस्त वाटी नसती तर सामान्य माणसाच्या गाडीला काटाच मिळाला नसता.

एम. जी. बी. गाडी १९६२ साली बाजारात आली आणि १९६४ मध्ये तिच्या इंजिनात सुधारणा झाली तेव्हा फेऱ्यांचा विजेवर चालणारा काटाही आला. तोही स्मिथांचाच. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'आर. व्ही. आय.' आणि पुढे काही आकडे असतात, त्यावरून मिस्त्रींनी जात ओळखली. त्याची विद्या अशी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी कॉइलमधून वीज जाते आणि दर ठिणगीला ती एकदा तुटते. कॉइलकडे जाणाऱ्या या तारेचा एक फास काट्याच्या पाठीवरील लहानशा लोखंडी गाभ्यातून नेलेला असतो. वीज तुटली की गाभ्यात झटका बसतो. तो झटका आतल्या दोन ट्रान्झिस्टरांना जागे करतो आणि ते दर वेळी अगदी एकसारख्या मापाचा विजेचा घोट काट्याकडे सोडतात. ठिणग्या जितक्या दाट तितके घोट दाट, आणि काटा त्यांच्या सरासरीवर उभा राहतो. घोटाचे माप कोण ठरवते? एक कपॅसिटर आणि त्याच्या शेजारचा एक रेझिस्टर. दोघेही शेंगदाण्याएवढे. सगळा न्याय या दोन शेंगदाण्यांच्या हाती.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारला तो बॅटरीविषयी. १९६७ पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या उलट. मध्येच कोणी हुशाराने ते फिरवले असेल तर ट्रान्झिस्टर केव्हाच गेले असतील. फिरवलेले नव्हते. मग त्यांनी पाठीवरील फास पाहिला; एखादा वेढा जास्त घेतला आहे का, तार उलटी घातली आहे का. तेही ठीक होते. तेव्हा दोष आत. काट्याभोवतीचे चकचकीत कडे गंजून बसले होते. ते त्यांनी अर्धा तास तेल घालून, कापड गुंडाळून, अंगठ्यांनी थोडे थोडे फिरवून काढले. पक्कड लावू दिली नाही. काट्याच्या सुईला हात लावला नाही आणि आम्हांलाही लावू दिला नाही. सुई वाकवून आकडा जमवणारे कारागीर पुष्कळ भेटतात. एका जागी तो जमतो आणि बाकी सर्व जागी खोटा पडतो.

दुरुस्तीपूर्वी खोट किती हे पाहावयास हवे होते, आणि त्यासाठी खऱ्या ठिणग्यांच्या जागी खात्रीचे झटके हवे होते. येथे मिस्त्री आमच्याकडे पाहून हसले. हिशेब करा. चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. आणि घरच्या विजेत सेकंदाला ५० लाटा, प्रत्येक लाटेचे चढ आणि उतार असे दोन भाग. चार डायोडांच्या पुलातून नेली की सेकंदाला १०० उसळ्या मिळतात. एक छोटा ट्रान्सफॉर्मर, ते चार डायोड, त्या उसळ्यांवर बॅटरीची वीज जोडणारा-तोडणारा एक ट्रान्झिस्टर, आणि कॉइलच्या ऐवजी ओझे म्हणून हेडलाइटचा दिवा. एवढ्या सामानात मिस्त्रींच्या पाटावर ३,००० फेऱ्यांचे इंजिन तयार झाले, पेट्रोलाच्या थेंबावाचून. दोन डायोड काढले की उसळ्या ५०, म्हणजे १,५०० फेरे.

ज्या वारंवारतेने १९९५ मध्ये अकरा जणांना चोर ठरवले होते, तिलाच आज मोजपट्टी म्हणून घ्यायचे! आम्ही लगेच शंका काढली. मिस्त्रींना ती अपेक्षितच होती. त्या काळी संध्याकाळी हा प्रयोग केला असता तर १०० च्या जागी ९७ उसळ्या आल्या असत्या, म्हणजे २,९१० फेऱ्यांना आम्ही ३,००० म्हटले असते आणि काटा जन्मभर खोटा बोलला असता. मग मधल्या काळात काय झाले? जुलै २००२ पासून पश्चिम विभागात विजेच्या दराची नवी पद्धत आली. वारंवारता खाली असताना कोणी ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढली तर ती महाग पडू लागली. जेथे वर्षानुवर्षे परिपत्रके चालली नव्हती तेथे हिशेब चालला. हळूहळू नाडी ताळ्यावर आली. पुढे ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील जाळे कोसळून निम्मा देश अंधारात गेला तो भाग वेगळा. त्यानंतर शिस्त आणखी आवळली गेली. आता नियमाने ४९.९० ते ५०.०५ एवढाच पट्टा आहे. त्यातील फरकाने आमच्या ३,००० फेऱ्यांत सहाहून अधिक चूक होत नाही. काट्याची सुई त्याहून जाड आहे. तरी मिस्त्रींनी भार नियंत्रण केंद्राचा चालू आकडा मोबाइलवर पाहिला, मगच बटण दाबले.

काटा ३,७०० च्या किंचित अलीकडे जाऊन उभा राहिला. महामार्गावरील दगडांनी सांगितलेली खोट तीच, शेकडा बाविसाच्या घरात. दोन वेगळ्या साक्षीदारांनी एकच आकडा सांगितला म्हणजे मनाला जे समाधान होते ते कोर्टात क्वचित मिळते. मिस्त्रींनी रेझिस्टरचे एक टोक सोडवून मोजले. त्यावर रंगाच्या पट्ट्यांनी लिहिलेल्या किमतीपेक्षा तो पाचव्या हिश्श्याहून थोडा कमी एवढा वाढलेला होता. कोळशाच्या भुकटीचे हे जुने रेझिस्टर वयाप्रमाणे चढत जातात. रेझिस्टर चढला की घोट मोठा, घोट मोठा की काटा पुढे. कपॅसिटरही थोडा बिघडलेला निघाला. दोन्ही नवे बसवल्यावर काटा ३,१५० वर आला. उरलेले काम पट्टीवरील एका चिमुकल्या स्क्रूचे. कारखान्यातून निघताना त्यावर लाखेचा थेंब देतात. मिस्त्रींनी तो थेंब नखाने खरवडला आणि स्क्रू केसभर फिरवून काटा ३,००० वर आणला. दोन डायोड काढले, १,५२० दाखवले. एवढे ठीक आहे, ते म्हणाले, आणि नखपॉलिशचा नवा थेंब दिला. नातीची बाटली होती.

तो थेंब वाळेपर्यंत आम्ही ती उघडी तबकडी पाहत बसलो. ज्या कोणाच्या नखाने वा ब्रशाने पहिला थेंब दिला असेल त्याचे नाव कोठे नाही. गाडी जोडली ती अॅबिंग्डन गावी, ऑक्सफर्डजवळ. एका जुन्या कातड्याच्या कारखान्याच्या जागेत १९२९ मध्ये हा मोटारीचा कारखाना आला. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने त्याची पन्नाशी साजरी केली, मिरवणुका झाल्या. लागलीच सोमवारी, १० सप्टेंबरला, ब्रिटिश लेलँड कंपनीने हा कारखाना बंद होणार असे जाहीर केले. गाड्यांच्या हौशी मालकांनी लंडनमध्ये मोर्चा काढला, आपापल्या गाड्यांतून. ऑक्टोबर १९८० मध्ये फाटक बंद झाले. तोपर्यंत ही एकच जातीची गाडी पाच लाखांवर निघाली होती. कंपनीचे म्हणणे, दर गाडीमागे तोटा आहे. तो तोटा मुख्यतः पौंडाच्या चढलेल्या भावामुळे अमेरिकेत गाडी परवडेनाशी झाल्याचा होता, असे आम्ही वाचतो. अॅबिंग्डनच्या माणसांचे हात मंदावल्याचा नव्हे. कारखान्याबाहेरची नाडी त्यांच्या हातात नव्हती. मुंबईच्या आमच्या वडिलांच्या पिढीलाही पुढे दोन वर्षांत हाच अनुभव यावयाचा होता, पण त्यावर येथे पुष्कळ व्याख्याने झाली आहेत.

दुसऱ्या रविवारी पहाटे डॉक्टर, मिस्त्री आणि आम्ही महामार्गावर गेलो. गाडी दोघांची, म्हणून आम्ही दगडाशी उभे राहिलो आणि स्टॉपवॉच आमच्या हाती दिले. तेच, १९९५ चे. पहिल्या दगडाशी डॉक्टरांनी दिवा लुकलुकवला, दुसऱ्याशी गाडी आमच्या समोरून गेली. ४५ सेकंद आणि थोडेसे. परत आल्यावर मिस्त्रींना विचारले, काटा कोठे होता? ते म्हणाले, "पावणेतीन हजार. पण मी रस्त्याकडे पाहत होतो, डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांनीही तेच सांगितले.

मिस्त्रींनी मजुरी म्हणून नव्या दोन तुकड्यांची किंमत घेतली. जुना रेझिस्टर त्यांनी काडेपेटीत घालून आम्हांला दिला आणि शेजारी आमची १९९५ ची वही मागून घेतली. त्यांना काही आकडे पाहावयाचे होते. वही अजून त्यांच्याकडेच आहे. काडेपेटी येथे टेबलावर ठेवली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना रंगाच्या पट्ट्या वाचून पाहावयाच्या असतील त्यांनी पुढे यावे. फक्त तार वाकवू नये, ती ठिसूळ झाली आहे.